घारापुरीचा हरवलेला दगड

मुंबईच्या गर्दीला कंटाळलेल्या माणसाने एक दिवस काढून कुठे जावे, असे कोणी विचारले तर आम्ही घारापुरीचे नाव घेतो. गेटवे ऑफ इंडियाजवळ लाँचमध्ये बसायचे आणि तासाभरात दहा किलोमीटर समुद्र ओलांडायचा. डावीकडे मुंबई बंदराचे धक्के आणि पुढे तुर्भ्याच्या किनाऱ्यावरचे अणुसंशोधन केंद्र दिसते. मग तेलाच्या टाक्या असलेले जवाहर द्वीप मागे पडते आणि समोर झाडीने झाकलेल्या दोन टेकड्या येतात. धक्क्यावर उतरल्यावर पहिली गोष्ट जाणवते ती म्हणजे मोटारींचा आवाज नाही. शनिवार-रविवारी गर्दी असते आणि सोमवारी लेणी बंद असतात. म्हणून आठवड्यातला मधला एखादा दिवस निवडावा, शक्यतो हिवाळ्यातला.

अशाच एका दिवशी आम्ही तेथे गेलो होतो. आमच्या संस्थेतील आम्ही तिघे, एका शाळेच्या इतिहासाच्या बाई आणि नववी-दहावीचे पंधरा विद्यार्थी. हेतू एवढाच की दिवसभर मोकळे फिरावे, डबे खावेत आणि संध्याकाळच्या लाँचने परत यावे. कोणताही ‘प्रकल्प’ आम्ही ठरवला नव्हता. पण मुले बरोबर असली की प्रश्न येतातच. मुख्य लेण्यासमोरचा फलक वाचून एका मुलीने विचारले, “बाई, यात शतक दिलं आहे, पण राजाचं नाव नाही. एवढं मोठं देऊळ कोरलं आणि कोणी नाव नाही लिहिलं?”

बाई म्हणाल्या, “लिहिलं होतं बहुतेक. पण तो दगड आता इथे नाही.”

त्या दिवसाची उरलेली सगळी चर्चा या एका वाक्याभोवती फिरली. ती येथे थोडी व्यवस्थित मांडत आहोत, कारण एका दगडाच्या गोष्टीतून इतिहास आणि विज्ञान या दोन्ही विषयांच्या शिक्षकांना उपयोगी पडेल असे काही हाती लागते.

बेटाची ओळख

घारापुरी हे रायगड जिल्ह्यातील उरण तालुक्याचे एक गाव आहे. राजबंदर, शेतबंदर आणि मोराबंदर या त्याच्या तीन वस्त्या. मुंबईचे दिवे रोज रात्री समोर दिसत असूनही येथील घरांत पूर्णवेळ वीज आली ती २०१८ मध्ये, समुद्राच्या तळाशी सुमारे साडेसात किलोमीटर लांबीची केबल टाकल्यानंतर. तोपर्यंत संध्याकाळचे काही तास जनरेटर चालत असे.

बेट दख्खनच्या काळ्या बेसॉल्ट खडकाचे आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसाचे थरावर थर साचून आपला बहुतेक महाराष्ट्र घडला, त्याच घडामोडीचा हा एक तुकडा. पूर्वेकडच्या टेकडीवर विटांच्या एका बौद्ध स्तूपाचे अवशेष आहेत. भूमध्य समुद्राकडून आलेल्या दोन कानांच्या मद्यकुंभांची खापरेही या बेटावर सापडली आहेत. म्हणजे आज शांत वाटणारे हे बेट दीड-दोन हजार वर्षांपूर्वी व्यापारी जहाजांच्या वाटेवरचे ठिकाण होते.

पश्चिमेकडच्या टेकडीत मुख्य शैव लेणे आहे. समोरून मागपर्यंत आणि एका बाजूपासून दुसऱ्या बाजूपर्यंत साधारण १३० फूट, म्हणजे सुमारे ४० मीटर. आत खांबांच्या रांगा, एका बाजूला चार दारांचा लिंगगाभारा आणि मागच्या भिंतीत ती सदाशिवाची प्रचंड त्रिमुखी मूर्ती. १९८७ मध्ये युनेस्कोने या लेण्यांचा जागतिक वारशाच्या यादीत समावेश केला.

दगड कुठे गेला?

डिसेंबर १५३४ मध्ये गुजरातचा सुलतान बहादूरशहा याने वसई आणि तिच्या आसपासची बेटे पोर्तुगिजांना देऊन टाकली. त्यांत घारापुरीही गेली. बेटाच्या दक्षिण किनाऱ्याजवळ दगडात कोरलेला एक मोठा हत्ती उभा होता. त्यावरून पोर्तुगिजांनी बेटाला एलिफांटा हे नाव दिले.

पोर्तुगिजांचा इतिहासकार दियोगो दो कौतो याने सतराव्या शतकाच्या आरंभी लिहून ठेवले आहे की, लेण्याच्या दारावर मोठ्या आणि सुरेख अक्षरांचा एक लेख होता. पोर्तुगिजांनी तो दगड काढला. येथील हिंदू आणि मुसलमान जाणकारांना दाखवला, पण कोणालाच तो वाचता आला नाही. मग तो पोर्तुगालच्या राजाकडे, तिसऱ्या जॉनकडे, पाठवण्यात आला. तेथेही पुष्कळ प्रयत्न झाले. लेख वाचला गेला नाही आणि पुढे दगडाचाही पत्ता लागला नाही.

येथे मुलांना एक गोष्ट समजावून सांगावी लागली. “आपल्याच लोकांना आपलंच लिखाण वाचता येईना, असं कसं?” हा त्यांचा प्रश्न अगदी योग्य होता. भाषा आणि लिपी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. लेख संस्कृतात असला तर सोळाव्या शतकातल्या शास्त्रीबुवांना ती भाषा उत्तम येत होती. पण सहाव्या शतकातली अक्षरे ब्राह्मीपासून निघालेल्या वळणाची, आणि शास्त्रीबुवांच्या डोळ्यांना सवय देवनागरीची आणि मोडीची. हजार वर्षांत अक्षरांनी इतके रूप पालटले होते की घरातलेच माणूस ओळखू येऊ नये. आज आपल्यापैकी कितीजणांना आजोबांच्या पेटीतला मोडी कागद वाचता येतो? तो तर शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीचाच असतो.

जुन्या भारतीय लिप्या पुन्हा वाचता येऊ लागल्या त्या अठराव्या शतकाच्या अखेरीपासून. १८३७ मध्ये जेम्स प्रिन्सेपने अशोकाच्या ब्राह्मीचा उलगडा केला आणि त्यानंतर हे शास्त्र झपाट्याने वाढले. घारापुरीचा दगड जागेवर असता तर एकोणिसाव्या शतकात तो वाचला गेला असता, असे म्हणायला भरपूर जागा आहे. म्हणजे दगड हलला तो त्याचे वाचक तयार होण्याच्या तीनशे वर्षे आधी.

दगड काढणाऱ्यांचा हेतू वाईट होता असे दिसत नाही. त्यांना लेख वाचूनच घ्यायचा होता. चूक झाली ती एवढीच की, दगड हलवण्यापूर्वी त्यावरची अक्षरे कोणी कागदावर उतरवून घेतली असतील तर ती नक्कल आपल्यापर्यंत पोचलेली नाही. बेटाचे नाव, राजाचे नाव, वर्ष, कदाचित एखाद्या स्थपतीचे नाव, सगळे त्या दगडाबरोबर गेले.

आकडे घेऊन गेलेला माणूस

त्याच सुमारास, १५३८ मध्ये, आणखी एक पोर्तुगीज या बाजूला आला. त्याचे नाव जुआंव द कास्त्रो. तो पुढे गोव्यात पोर्तुगिजांचा व्हाइसरॉय झाला, पण आम्हां विज्ञानाच्या लोकांना तो महत्त्वाचा वाटतो तो वेगळ्याच कारणाने. गोव्याहून दीवपर्यंतच्या सागरी प्रवासात त्याने किनाऱ्याची सविस्तर नोंदवही ठेवली. खाड्या, खडक, भरती-ओहोटी आणि होकायंत्राची सुई खऱ्या उत्तरेपासून किती ढळते ते, असे सगळे त्याने तीत लिहिले.

भारताकडे येतानाच, मोझांबिक येथे, जहाजावरच्या लोखंडी तोफेमुळे सुई भलतीकडे वळते हे त्याने पकडले होते. वसईजवळ त्याला आणखी एक गंमत दिसली. थोड्याशाच अंतरावर सुईचे ढळणे बदलत होते. याला येथील खडक कारण असावेत, असा तर्क त्याने केला. तर्क बरोबर होता. बेसॉल्टमध्ये मॅग्नेटाइट या लोहखनिजाचे बारीक कण असतात. लाव्हारस थंड होताना हे कण त्या वेळच्या पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या दिशेने चुंबकित होतात आणि तसेच राहतात. विसाव्या शतकात याच गुणधर्माचा अभ्यास झाला तेव्हा दख्खनचे लाव्हाथर साचले त्या वेळी आपला भूभाग विषुववृत्ताच्या दक्षिणेला होता, हे समजले. वसईजवळच्या सुईचा तो किरकोळ चाळा एवढ्या मोठ्या गोष्टीशी जोडलेला होता.

हाच कास्त्रो घारापुरीला आला. तो भारावून गेला हे त्याच्या लिखाणातून कळते. पण भारावल्यावरही त्याने हातातले काम सोडले नाही. लेण्याची लांबी-रुंदी, खांब, मूर्ती यांची मापे घेऊन त्याने ती वर्णनासह वहीत नोंदवली. ही वही छापली गेली १८४३ मध्ये, म्हणजे तीनशे वर्षांनी. तरीही ती उपयोगी पडली, कारण मापे शिळी होत नाहीत.

आम्ही बरोबर एक साधे होकायंत्र नेले होते. डबे खाऊन झाल्यावर मुलांनी ते वेगवेगळ्या धोंड्यांजवळ नेऊन पाहिले. बऱ्याच ठिकाणी काहीच झाले नाही. एका काळ्या धोंड्याच्या कडेला मात्र सुई किंचित वळली आणि होकायंत्र दूर नेताच पूर्ववत झाली. मग त्या धोंड्याभोवती पंधरा डोकी जमली. कास्त्रोचा प्रयोग करायला आजही दहा-वीस रुपयांचे होकायंत्र पुरते. फक्त जवळ चावी, कंपासपेटी किंवा मोबाइल नाही ना, हे आधी पाहावे लागते.

न वाचता उतरवलेली अक्षरे

कास्त्रोनंतर आलेल्या अनेकांनी लेण्याबद्दल लिहिले. गार्सिया द ओर्ता या वैद्याचा औषधी वनस्पतींवरील ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यात छापला गेला. त्यात त्याने नोंदवले आहे की, आपण १५३४ मध्ये पाहिले तेव्हा हे देऊळ फारच चांगले होते, पण आता आत गुरे शिरून त्याची खराबी झाली आहे. अशा एका वाक्यानेही नुकसान केव्हा झाले याचा अंदाज येतो.

बाकीच्यांनी तर्कांचे पतंग उडवले. लेणे कोणी कोरले? कोणी सिकंदराचे नाव घेतले, कोणी चिनी लोकांचे. अर्धनारीश्वराच्या मूर्तीला एकच स्तन पाहून काहींनी ती ग्रीक कथांतली ॲमेझॉन योद्धा स्त्री ठरवली. सदाशिवाची तीन मुखे पाहून ती ब्रह्मा-विष्णू-महेशाची त्रिमूर्ती समजली गेली आणि ते नाव तर आजही अनेकांच्या तोंडी आहे. माणूस आपल्याला माहीत असलेल्या गोष्टीच नव्या वस्तूत पाहतो. तो त्याचा दोष नाही, पण म्हणूनच ‘काय दिसले’ आणि ‘त्याचा अर्थ काय लावला’ या दोन गोष्टी वहीत वेगळ्या लिहाव्यात. प्रयोगशाळेतही आम्ही विद्यार्थ्यांना हेच सांगत असतो.

हे पथ्य पाळणारा एक माणूस १७६४ मध्ये घारापुरीला आला. कार्स्टन नीबूर हा मूळचा गणिताचा आणि भूमापनाचा अभ्यासक. १७६१ मध्ये डेन्मार्कच्या राजाने अरबस्तानच्या अभ्यासासाठी एक छोटी तुकडी पाठवली, तीत तो होता. येमेनमध्ये तापाने दोघे गेले. मुंबईकडे येताना जहाजावर चित्रकार आणि नोकर गेले. मुंबईत पोचल्यावर वैद्यही गेला. सगळ्या तुकडीत नीबूर एकटा उरला. चित्रकार नसल्याने आता चित्रेही त्यालाच काढावी लागणार होती.

घारापुरी तेव्हा मराठ्यांच्या ताब्यात होती. इंग्रजांनी ती घेतली पुढे १७७४ मध्ये. नीबूर मुंबईहून तीन वेळा बेटावर गेला. त्याने लेण्याचा आराखडा काढला, मापे घेतली, मूर्तींची रेखाटने केली. त्याचे चित्रकाम कसलेल्या कलावंताचे नव्हते, पण कोणती मूर्ती कुठे आणि कोणत्या अवस्थेत होती ते त्यातून कळते.

मुंबईहून निघून तो इराणमार्गे परत गेला. १७६५ मध्ये वाटेत पर्सेपोलिसच्या अवशेषांत दगडांवर कोरलेली खिळ्यांच्या आकाराची अक्षरे त्याला दिसली. त्याला ती वाचता येत नव्हती. जगात तेव्हा कोणालाच येत नव्हती. तरीही त्याने उन्हात बसून ती ओळीने, काळजीपूर्वक उतरवून घेतली आणि दगड जागेवरच ठेवला. नीबूरच्या छापील नकला पुढे जर्मनीतल्या ग्योटिंगेन गावी ग्रोटेफेंड नावाच्या एका तरुण शाळामास्तरांच्या हाती आल्या. १८०२ मध्ये त्यांनी त्यांतील राजांची नावे ओळखली आणि कीलाकार लिपीच्या वाचनाची वाट उघडली.

घारापुरीच्या दगडाशेजारी ही गोष्ट ठेवून पाहावी. दोन्ही ठिकाणी लेख होता आणि वाचणारे कोणी नव्हते. एका ठिकाणी दगड उचलून नेला, त्याचा आज मागमूस नाही. दुसऱ्या ठिकाणी दगडाला हात लावला नाही, फक्त अक्षरे उतरवली आणि अवघ्या ३७ वर्षांत ती बोलू लागली.

मापे घेणारे मुख्याध्यापक

लेण्याचे पहिले संपूर्ण, शास्त्रशुद्ध वर्णन १८७१ मध्ये प्रसिद्ध झाले. लेखक जेम्स बर्जेस. पुढे ते भारतीय पुरातत्त्व खात्याचे महासंचालक झाले, पण सुरुवात त्यांनी गणिताचे शिक्षक म्हणून केली होती. १८६१ मध्ये ते मुंबईत सर जमशेटजी जीजीभाई पारशी बेनेव्होलंट इन्स्टिट्यूशन या शाळेचे प्रमुख म्हणून आले. पश्चिम भारतातल्या लेण्यांचा नाद त्यांना येथेच लागला.

बर्जेस यांनी खांब मोजले. सुटे २६ होते, त्यांतले ८ मोडलेले, आणि भिंतीला जोडलेले १६. (मोडलेल्यांपैकी काही नंतर पुन्हा उभारण्यात आले, म्हणून आज मोजणाऱ्याला संख्या जुळणार नाही.) त्यांनी एक बारीक गोष्टही नोंदवली. लेण्याची जमीन आणि छत अगदी सपाट नाहीत. उंची कुठे १५ फूट तर कुठे साडेसतरा फूट भरते. खांबही एकमेकांशी तंतोतंत जुळत नाहीत. दुरून काटेकोर वाटणारे लेणे माणसांनी छिन्नी-हातोड्याने, डोळ्यांच्या अंदाजाने आणि खडक देईल तसे कोरले आहे, हे या आकड्यांतून दिसते. वीट चुकली तर काढून दुसरी बसवता येते. कोरीव कामात एकदा उडालेला टवका परत येत नाही.

आम्ही मुलांचे दोन गट केले आणि पावले मोजून लेण्याची लांबी काढायला सांगितली. आधी प्रत्येकाने आपले पाऊल पट्टीने मोजून ठेवले होते. एका गटाचे उत्तर आले ३७ मीटर, दुसऱ्याचे ४२. लगेच भांडण सुरू झाले. “तुम्ही उंबऱ्यापासून मोजलं, आम्ही बाहेरच्या खांबापासून!” “तुझी पावलं शेवटी शेवटी लहान झाली!” दोन्ही कारणे खरी होती. मग सुरुवातीची आणि शेवटची जागा पक्की केली आणि प्रत्येकाने एकेकदा मोजले. पंधरा उत्तरे एका रेषेवर मांडल्यावर बहुतेक चाळिसाच्या आसपास गोळा झाली. दोन-चार मात्र लांब पडली.

या ठिकाणी बर्जेस यांच्याबद्दलची एक गोष्ट सांगायचा मोह आम्हांला आवरला नाही. निवृत्तीनंतर स्कॉटलंडमध्ये त्यांनी पुन्हा गणिताकडे वळून एक मोठे काम केले. मोजमापातल्या लहान-मोठ्या चुका खऱ्या मापाच्या दोन्ही अंगांना कशा विखुरतात हे सांगणारे एक फलन आहे, त्याला त्रुटिफलन म्हणतात. त्याच्या किमतींची विस्तृत कोष्टके त्यांनी हाताने आकडेमोड करून तयार केली आणि १८९८ मध्ये प्रसिद्ध केली. एडिंबरोच्या रॉयल सोसायटीने त्यासाठी त्यांना कीथ पारितोषिक दिले. आयुष्यभर लेण्यांतून टेप धरून फिरलेल्या माणसाने उतारवयात चुकांचेच गणित मांडावे, हे आम्हांला फार समर्पक वाटते. मुलांच्या त्या पंधरा उत्तरांची मांडणी हे त्याच फलनाचे एक लहानसे चित्र होते.

मग सहावे शतक कशावरून?

लेखच नाही, तर फलकावर शतक कसे आले? एखाद्या गुन्ह्याचा छडा साक्षीदाराशिवाय लावावा तसे हे काम आहे.

पहिला धागा शैलीचा. खांबांची घडण, मूर्तींची ठेवण, लेण्याचा आराखडा यांची तुलना जोगेश्वरी आणि वेरूळ येथील लेण्यांशी केली की हे लेणे त्यांच्याच नात्यातले दिसते.

दुसरा धागा नाण्यांचा. कलचुरी राजा कृष्णराज याची तांब्याची नाणी या बेटावर मोठ्या संख्येने सापडली. त्याचा काळ सहाव्या शतकाच्या मध्याचा. पुण्याच्या नाणकशास्त्रज्ञ डॉ. शोभना गोखले यांनी या नाण्यांचा अभ्यास करून असे सुचवले की, इतकी कमी किमतीची नाणी एका लहानशा बेटावर येण्याचे कारण कामगारांची मजुरी हे असू शकते. हा तर्क मुलांना फार आवडला. राजाचे नाव असलेला दगड गेला, पण पाथरवटांच्या कनवटीची चिल्लर मागे राहिली.

तिसरा धागा कर्नाटकातल्या ऐहोळ येथील लेखाचा. इ.स. ६३४ च्या या लेखात चालुक्य राजा दुसरा पुलकेशी याने कोकणच्या मौर्यांना हरवून, शेकडो नावांनिशी पश्चिम समुद्राची लक्ष्मी असलेली ‘पुरी’ घेतल्याचे वर्णन आहे. काही अभ्यासकांच्या मते ही पुरी म्हणजे घारापुरी. काहींच्या मते जंजिऱ्याजवळची राजपुरी. वाद मिटलेला नाही.

हे तिन्ही धागे एकत्र विणून बहुतेक अभ्यासक मुख्य लेणे सहाव्या शतकाच्या मध्याचे मानतात आणि अनेकजण ते कलचुरींच्या काळातले समजतात. निष्कर्ष भक्कम आहे, पण तो निष्कर्ष आहे. एका वाचलेल्या ओळीने जे झाले असते, त्यासाठी अनेक माणसांची आयुष्ये खर्ची पडली.

हत्ती

ज्याच्यावरून बेटाला नाव पडले तो हत्तीही आता तेथे नाही. १८१४ मध्ये त्याचे डोके आणि मान निखळून पडली. १८६४ मध्ये तो इंग्लंडला नेण्याचा प्रयत्न झाला. उचलताना क्रेन मोडली, हत्तीचे तुकडे झाले आणि ते तुकडे मुंबईच्या व्हिक्टोरिया बागेत, म्हणजे आजच्या भायखळ्याच्या वीरमाता जिजाबाई भोसले उद्यानात आणून टाकले गेले. तेथे १९१४ च्या सुमारास ते पुन्हा जोडण्यात आले. क्रेन मजबूत असती तर हत्तीही दगडाच्याच वाटेने गेला असता.

हा हत्ती आज डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या शेजारी उभा आहे. राणीच्या बागेत मुलांना नेणाऱ्या प्रत्येक शिक्षकाने तेथे दोन मिनिटे थांबावे. भाऊ दाजी हे मुंबईतले नामवंत डॉक्टर, ग्रँट मेडिकल कॉलेजच्या पहिल्या तुकडीचे विद्यार्थी. पण प्राचीन लेख वाचणे ही त्यांची दुसरी साधना होती. अजिंठ्यातले अनेक लेख त्यांनी वाचले. घारापुरीचा दगड ज्या तऱ्हेच्या अक्षरांचा असणार, ती अक्षरे वाचणारा माणूस पुढे मुंबईतच, लाँचने तासाभराच्या अंतरावर, राहत होता. त्याच्यापर्यंत दगड पोचला नाही, एवढेच.

परतताना

चार वाजता आम्ही पायऱ्या उतरून खाली आलो. एका झाडाखाली कैऱ्या आणि काकड्या घेऊन बसलेल्या मावशींकडे मुलांनी गर्दी केली. त्या मोराबंदरच्या. “काय बघितलंत रे एवढं दिवसभर?” त्यांनी विचारले. “मावशी, आम्ही एक दगड शोधत होतो,” एक मुलगा म्हणाला. मावशी हसल्या. “इथे काय दगडाला तोटा आहे?”

लाँचमध्ये बाईंनी मुलांना विचारले, “तुमच्या गावी देवळात अक्षरं कोरलेला दगड कोणी पाहिला आहे का?” पंधरांतल्या चौघांनी हात वर केले. एकाच्या गावी तो मारुतीच्या देवळाच्या पायरीत बसवला आहे. एकीच्या गावी त्याला दर जत्रेला शेंदूर लावतात. एकाने सांगितले की त्यांच्याकडचा लेख यंदाच ऑइलपेंटने रंगवला, अक्षरे आता दिसत नाहीत.

म्हणून आमची शिक्षकांना एक विनंती आहे. महाराष्ट्रात गावोगाव असे दगड आहेत. शिलालेख, वीरगळ, गद्धेगाळ. सगळे वाचले गेलेले नाहीत. आपल्या गावी असा दगड असेल तर त्याला हलवू नये, घासू नये, त्यावर खडू किंवा रसायन लावू नये. सकाळी किंवा संध्याकाळी, ऊन तिरपे पडलेले असताना त्याचे फोटो काढावेत. तिरप्या उन्हात अक्षरांच्या खाचेत सावली पडते आणि दुपारी न दिसणारी अक्षरे दिसू लागतात. फोटोत शेजारी एक पट्टी ठेवावी. वहीत जागा, दिशा, लांबी-रुंदी आणि तारीख लिहावी. मग मुलांना कागदावर अक्षरे जशी दिसतात तशी काढू द्यावीत, त्यांचा अर्थ लागत नसला तरी. एक प्रत शाळेत ठेवावी, एक ग्रामपंचायतीत द्यावी आणि एक जवळच्या महाविद्यालयातील इतिहास विभागाकडे किंवा पुरातत्त्व खात्याकडे पाठवावी.

ज्या मुलाच्या गावचा लेख रंगवला गेला होता, त्याने पुढच्या आठवड्यात बाईंना एक जुना फोटो आणून दाखवला. त्याच्या काकांच्या लग्नातला. वऱ्हाडी मंडळी देवळासमोर उभी आहेत आणि त्यांच्या मागे, डाव्या कोपऱ्यात, रंग नसलेला दगड आहे. भिंगाखाली अडीच ओळी ओळखू येतात. त्या उतरवून घेण्याचे काम सध्या चालू आहे.